एल-दिबिरचा तारवाला

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा वरसमे हा एल-दिबिरचा तारवाला. तार म्हणजे रेडिओ, माणसांना माणसांशी बोलू देणारा. मोबाइल यायच्या आधी आमच्या किनाऱ्यावर दर गावात एक तारवाला असायचा. आमच्या भाषेत वरसमे या नावाचा अर्थच ‘चांगली बातमी’ असा आहे. त्यावरून गावानं त्याची जन्मभर थट्टा केली, पण पुढे पुढे त्यातलं हसू गेलं.

सरकार होतं तेव्हा दाजी किस्मायोच्या बंदरात नौदलाचा रेडिओवाला होता. सरकार बुडालं तसं ज्याच्या हाताला जे लागलं ते उचलून प्रत्येकानं घरची वाट धरली. कोणी बंदुका आणल्या, कोणी गाडीचं इंजिन काढून आणलं. दाजीनं रेडिओ आणला, उंटावर, गोधडीत गुंडाळून. टेकाडावर पत्र्याची खोली बांधली, दोन खांबांमध्ये तार ताणली आणि सकाळी दहा ते बारा, मग अस्रच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर तासभर, तो कानाला यंत्र लावून बसू लागला. बाहेर बाकावर रांग. कोणाला बोसासोला बोलायचं, कोणाला गलकायोला. बोलणं सगळ्या रांगेला ऐकू जायचं, आणि रांगेलाही त्यासाठीच यायचं असायचं.

“संपलं की ‘ओव्हर’ म्हण,” दाजी सांगायचा, “त्याशिवाय पलीकडच्याला बोलता येत नाही.”

“मग मी म्हणतच नाही,” आमची शेजारीण धुदी नवऱ्याशी बोलायला आली तेव्हा म्हणाली होती. “बावीस वर्षं त्यानंच बोलून घेतलंय.”

असं ते गाव. हाफूनच्या दक्षिणेला, वाळूच्या पट्ट्यावर, समुद्रापासून हातभर उंच. शेवंडं, मुशी, सुरमई. हगाचे, म्हणजे जूननंतरचे, वारे सुटले की समुद्र बंद, मग आम्ही शेळ्यांमागे आत माळावर जायचो आणि वारे पडले की परत यायचो.

माझी बहीण दहाबो हिनं मला वाढवलं. आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली होती. दहाबो किनाऱ्यावर मुशी चिरून, मीठ लावून माच्यांवर वाळत घालायची. तिच्या हाताचा वास नमाजाला जातानाही जायचा नाही. दाजी तिला म्हणायचा, “तुला शोधायला मला रेडिओ लागत नाही.” त्यांना एकच मुलगी, उबाह.

डिसेंबरातला तो रविवार. मी आणि आणखी दोघं पहाटे शेवंडांच्या जाळ्यांवर गेलो होतो, किनारा दिसेनासा होईल इतक्या खोल पाण्यात. दुपारच्या नमाजाच्या आधी होडी एकदा वर उचलली गेली आणि खाली बसली, झोपेत कोणी कूस बदलावी तशी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि जाळं ओढत राहिलो. परतीला निघालो तेव्हा पाणी चहासारखं गढूळ झालेलं होतं. आधी माच्यांचे वासे दिसले. मग एक दार, कडीसकट. मग शेळ्या. गाव असायला हवं होतं तिथे मशिदीची एक भिंत आणि टेकाडावरची दाजीची खोली होती.

एकोणीस माणसं गेली. समुद्र आधी मागे हटला होता, अर्धा कोस, आणि उघड्या वाळूवर मासे तडफडत होते. बायका टोपल्या घेऊन धावल्या. अल्लानं दिलंय म्हणून धावल्या. उबाह अकरा वर्षांची, गावाबाहेर माळाकडच्या मदरशात होती, म्हणून वाचली. दाजी तार तुटली म्हणून दुरुस्त करायला खांबावर चढलेला होता, म्हणून वाचला. त्यानं सगळं खांबावरून पाहिलं. दहाबो तिसऱ्या दिवशी जुन्या मिठागराच्या भिंतीशी सापडली. मी तिला हातांवरून ओळखलं.

आठवडाभर दाजी कोणाशी बोलला नाही. मग एका संध्याकाळी मी लहोहची धिरडी आणि चहा घेऊन गेलो, तर म्हणाला, “सुगुले, मला बातमी आली होती.”

“कसली बातमी?”

“सकाळी दहाला. बोसासोवाला म्हणाला, इंडोनेशियात समुद्र जमिनीवर चढला, हजारो माणसं मेली, रेडिओवर सांगतायत. मी म्हटलं, अल्ला त्यांच्यावर दया करो. आणि मग त्याला विचारलं, शेवंडांसाठी बर्फ कधी पाठवतोस.”

मी चहा त्याच्यापुढे सरकवला.

“मी नौदलातला माणूस. नकाशे बघितलेत मी. तिथलं पाणी आणि इथलं पाणी यांच्यामध्ये काही नाही. एक भिंत नाही, एक दगड नाही. माझ्या हातात दीड तास होता.”

“कोणाला कळलं असतं दाजी? बोसासोवाल्याला तरी कळलं का?”

“त्याची बायको जिवंत आहे,” तो म्हणाला.

हे त्यानं मला सांगितलं तसं उबाहला सांगितलं नाही. तिला ते पुढे दुसऱ्याच कोणाकडून कळलं. लहान गावात असंच होतं.

दीड वर्षानं, ज्या संस्थेनं आम्हाला टेकडीवर पत्र्याची घरं बांधून दिली, तिनं दाजीला मोंबासाला नेलं. या समुद्राच्या काठचे सगळे देश तिथे जमणार होते. पुन्हा असं झालं तर एकानं दुसऱ्याला कसं कळवायचं, हे ठरवायला. दाजीनं माझा कोट मागून नेला. मोठं सभागृह, टेबलांवर झेंडे. आमचाही झेंडा होता, आणि त्यामागे नैरोबीत राहणारा एक गृहस्थ, ज्यानं आमचा किनारा विमानातूनच पाहिला होता. दाजी मागच्या खुर्चीवर. दोन दिवस भाषणं झाली. दाजीला किस्मायोपासून स्वाहिली येत होती, पण भाषणं इंग्रजीत होती.

चहाच्या वेळी त्याच्या शेजारी तिथल्याच बंदरातला एक कारकून उभा होता. बाकारी त्याचं नाव, पोट सुटलेला, चहात चार चमचे साखर घालणारा. तो कोणाला तरी रंगवून सांगत होता की त्या दिवशी त्यांनी शिट्ट्या मारून मारून चौपाटी कशी रिकामी केली, पर्यटकांना कसं पाण्यातून ओढून काढलं.

दाजीनं विचारलं, “तुम्हाला कळलं केव्हा?”

“सकाळीच कुणकुण लागली. मग बातम्या वाढत गेल्या. दुपारपर्यंत खात्री झाली.”

“मग आम्हाला का नाही सांगितलंत? आम्ही तुमच्या वरच्या अंगाला आहोत. आमच्याकडे लाट तुमच्याआधी आली.”

बाकारी गोंधळला. “कोणाला सांगणार होतो, भाऊ? सेशेल्सला फोन केला, टांझानियाला केला. तुमच्याकडचा नंबरच नव्हता. तुमच्या देशात फोन उचलणारं होतं तरी कोण?”

“मी होतो,” दाजी म्हणाला.

हे मला बाकारीनंच पुढे फोनवर सांगितलं. म्हणाला, तुझ्या दाजीनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं की मला कप खाली ठेवावा लागला.

सभेनं ठरवलं की प्रत्येक देशाचा एकच अधिकृत माणूस, एकच नंबर. एल-दिबिरचा, दाजीच्या नव्या मोबाइलचा, नंबर त्या यादीत बसणं शक्यच नव्हतं. पण बाकारीनं तो आपल्या टेबलासमोरच्या भिंतीवर खडूनं लिहिला आणि दाजीनं त्याचा नंबर खिशात घातला. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर एकानं दुसऱ्याला फोन करायचा. काही नसलं तरी करायचा, म्हणजे नंबर चालू आहे हे कळतं. बाकारीनं लामूच्या एका माणसाचा नंबर दिला, त्यानं पेम्बाच्या. दाजीनं स्वतः समुद्रापलीकडच्या सोकोत्रा, मुकल्ला, सलाला इथल्या बंदरांतली माणसं जोडली. कोणी बर्फ विकणारा, कोणी दीपगृहावरचा, कोणी नुसताच म्हातारा खलाशी. त्यांतल्या एकालाही कोणी नेमलेलं नव्हतं. आणि ते सगळे एकमेकांना शुक्रवारी एकच विचारायचे, समुद्र कसा आहे.

कधी कधी त्याचा उपयोगही झाला. इंजिन बंद पडून वाहत गेलेली लामूची दोन माणसं आमच्याकडे लागली, तेव्हा त्यांच्या घरी त्याच दिवशी कळलं. एकाच्या आईनं फोनवर दाजीला इतके आशीर्वाद दिले की तो फोन कानापासून लांब धरून बसला.

मग सहा वर्षांनी ते एप्रिलातलं आलं. उबाह तेव्हा एकोणीस वर्षांची, रोबले नावाच्या मुलाशी लग्न झालेलं, सातवा महिना. रोबले माझ्याच होडीवर शिकलेला, हसरा, कोणाचं ऐकून न घेणारा. त्या दिवशी सकाळी अकराच्या पुढे बाकारीचा फोन आला, शुक्रवार नसताना. सुमात्राजवळ पुन्हा भूकंप झालाय, पहिल्याइतकाच मोठा, सगळ्या किनाऱ्यांना इशारा आहे. मागून लगेच सोकोत्राचा फोन. दाजी चपला न घालता मशिदीत गेला आणि भोंग्यावर ओरडला. त्याचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता.

घरं टेकडीवर असली तरी दिवसा सगळं गाव कामाला खाली वाळूवर असायचं. लोक पळाले. चुली पेटत्या ठेवून पळाले. खालच्या वाळूवर ज्यांच्या वखारी होत्या, ज्यांचे मासे वाळत होते, सगळे टेकडी चढले. उबाह धुदीच्या नातवाला कडेवर घेऊन चढत होती. अर्ध्या वाटेवर ती पडली.

लाट आली नाही. त्या भूकंपात जमीन आडवी सरकली म्हणे, तिनं पाणी उचललंच नाही. चार तासांनी इशारा मागे घेतला. तोवर टेकडीवर, कोणाच्या तरी चादरीच्या आडोशाला, उबाहचं मूल मेलेलं जन्मलं होतं. मुलगा होता.

दाजी चादरीपाशी आला तेव्हा रोबलेनं त्याला आत जाऊ दिलं नाही.

“चांगली बातमी आणलीत,” तो म्हणाला. “आता घरी जा.”

उबाहनं वडिलांना दोष दिला नाही. तेव्हा तरी नाही. पण गावानं त्याचं नाव बदललं. पोरंटोरं त्याला पाहिलं की “लाट आली, लाट आली” करून पळायची, आणि मोठी माणसं पोरांना दटावायची नाहीत. दाजी शुक्रवारचा फोन करत राहिला, पण भोंग्यावर पुन्हा बोलला नाही. काही कळवायचं असलं तर एकेकाच्या दारी जाऊन हळू सांगायचा, जणू उसनं मागायला आलाय. वारा आहे उद्या, जपून जा. एवढंच.

मी त्याला एकदा म्हटलं, “दाजी, तू बरोबरच केलंस. लाट आली असती तर?”

“आली नाही ना,” तो म्हणाला.

आठ वर्षं अशी गेली. उबाहला दोन मुली झाल्या. बाकारी निवृत्त झाला, पण त्यानं आपल्या जागेवर आलेल्या बाईला शुक्रवारचा फोन सोपवला. ती बाई मितभाषी होती. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी ती म्हणाली, “तुमच्या पूर्वेला वादळ तयार होतंय. नकाशावर लहान दिसतंय, पण मला आवडलेलं नाही. होड्या काढू नका.” दुपारपर्यंत सोकोत्रावालाही तेच म्हणाला.

आमच्या किनाऱ्यावर वादळ येत नाही, असं आमच्यातला प्रत्येक म्हातारा सांगायचा. त्या संध्याकाळी समुद्र तेलासारखा गुळगुळीत होता आणि सुरमई वर आली होती. रोबले आणि आणखी तिघं बर्फ भरत होते. दाजी त्याच्यापाशी गेला. मी जाळं सांधत बसलो होतो, मला सगळं ऐकू आलं.

“रोबले, मोंबासाहून फोन होता. वादळ आहे म्हणतात.”

“म्हणतात ना? म्हणू देत.”

“सोकोत्रावालाही म्हणतो.”

रोबलेनं बर्फाचं फावडं टेकवलं. राग नव्हता त्याच्या आवाजात, तेच वाईट होतं. “काका, तुमचं एकदा ऐकलं होतं.”

दाजी मागे वळला आणि टेकडी चढू लागला. मीही उठलो नाही. माझं जाळं सांधून व्हायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं, कसलं वादळ. ते पहाटे गेले.

रविवारी ते वादळ आमच्यावर आलं. टेकडीवरच्या घरांचे पत्रे उडाले, दोन वर्षांचा पाऊस दोन दिवसांत पडला, माळावरच्या शेळ्या ओढ्यांतून वाहून समुद्रात गेल्या. गावातलं माणूस एकही मेलं नाही, कारण सगळे वर होते. किनाऱ्यावर फक्त ती एक होडी नव्हती.

वारा पडल्यावर दाजीनं फोन हातात घेतला तो तीन आठवडे सोडला नाही. ज्यांना चौदा वर्षं समुद्र कसा आहे म्हणून विचारलं, त्या सगळ्यांना त्यानं विचारलं. निळी होडी, पिवळी पट्टी, चार माणसं. सलाला, काही नाही. मुकल्ला, काही नाही. सेशेल्सहून कोणी तरी विमानवाल्यांना विचारलं, काही नाही. सरकारी खात्यांना त्यानं बोसासोमार्फत अर्ज केला, तर उत्तर आलं की होडी कोणत्या देशाच्या पाण्यात हरवली ते आधी नक्की करा.

तेविसाव्या दिवशी सोकोत्रावाल्याचा फोन आला. अब्द अल कुरी बेटावर, जिथे पंधरावीस घरं आहेत आणि फोन चालत नाही, तिथल्या कोळ्यांनी महिन्याच्या सुरुवातीला तीन प्रेतं पुरली होती. निळ्या होडीचा अर्धा भागही होता. पिवळी पट्टी होती.

“तीन?” दाजीनं विचारलं. “नीट विचार. चार असतील.”

“तीनच. पाण्यात फार दिवस होती. चेहरे नव्हते.”

घरं चार होती. रोबलेचं, धुदीच्या धाकट्याचं आणि आणखी दोन. दाजी स्वतः चारही दारी गेला आणि प्रत्येक ठिकाणी हेच सांगितलं, तिघं सापडले, एक नाही, आणि कोणता नाही ते कोणालाच माहीत नाही. धुदीनं विचारलं, मी सुतक धरू की वाट बघू?

उबाहच्या घरी मी त्याच्याबरोबर होतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आबो, मामा सांगत होता, तुम्ही त्याला बर्फापाशी अडवलं होतं.”

“सांगितलं होतं.”

“अडवलं होतं का?”

“नाही,” दाजी म्हणाला. “सांगितलं होतं फक्त.”

“आईच्या वेळी तर सांगितलंही नव्हतं.” ती उठली आणि मुलींना घेऊन आतल्या खोलीत गेली. दाजी तिथेच बसून राहिला. मी त्याला हाताला धरून घरी नेलं. खाली पाहत तो चालत होता, वाट नवी असावी तसा.

उबाहला कबर बघायची होती. होडीनं दीड दिवसाची वाट, पण पलीकडे देश दुसरा, आणि तिथे लढाई चाललेली. कागद मागायचा तर कोणाकडे, हे ना बोसासोला माहीत ना मुकल्लाला. दाजीनं मोंबासाच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, “वादळाची बातमी सीमा ओलांडून पाठवायची सोय आम्ही केली. माणसं पाठवायची कोणी केलेली नाही.” मग मार्चमध्ये समुद्र निवळल्यावर मी माझी होडी काढली. तेलाची पिंपं, पाणी, खजूर. कागद कसलाच नाही. सोकोत्रावाल्यानं बेटावर निरोप पाठवून ठेवला होता.

दाजी किनाऱ्यापर्यंत आला. उबाह त्याच्याशी तीन महिने बोलली नव्हती. तो म्हणाला, “मी येऊ?” ती म्हणाली, “तुम्ही राहा. मुलींजवळ कोणीतरी हवं.” त्यानं मान हलवली.

अब्द अल कुरी म्हणजे नुसता खडक आणि वारा. तिथल्या लोकांची भाषा आम्हाला कळेना, अरबीवर भागलं. एका म्हाताऱ्यानं आम्हाला किनाऱ्यावरच्या चढावर नेलं. तीन कबरी, वर नीट रचलेले पांढरे दगड. त्यानं सांगितलं की प्रेतांना त्यांनी अंघोळ घातली होती, जितकी घालता आली तितकी, आणि गावातल्या सगळ्या पुरुषांनी नमाज पढला होता. कफनाला कापड नव्हतं, म्हणून शिडाचं कापड वापरलं.

उबाहनं विचारलं, “कोणता उंच होता?”

म्हाताऱ्यानं हात पसरले. त्याला आठवत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं.

ती पहिल्या कबरीपाशी बसली. मग उठून दुसरीपाशी बसली, मग तिसरीपाशी, प्रत्येक ठिकाणी सारखाच वेळ. ऊन चढेपर्यंत. मग ती उठली आणि पाण्याकडे तोंड करून उभी राहिली, चौथ्यासाठी. त्या लोकांनी आम्हाला भात आणि मासा दिला, परतीचं पाणी भरून दिलं.

परत आलो तेव्हा दाजी मुलींना घेऊन वाळूवर बसला होता. उबाह होडीतून उतरली, मुलींना जवळ घेतलं. मग वडिलांकडे न बघता म्हणाली, “चांगली माणसं आहेत ती. अंघोळ घातली होती त्यांनी.”

“बरं झालं,” दाजी म्हणाला.

त्या वर्षी हगाच्या आधी ती मुलींना घेऊन बोसासोला गेली, मासळीच्या कारखान्यात कामाला. दाजीला बरोबर चला म्हणाली नाही आणि तोही विचारायला गेला नाही. दोन वर्षांनी तो माळावर, शेळ्यांमागे असताना गेला, तापानं, तीन दिवसांत. तिथे फोन लागत नव्हता. उबाहला बातमी पोचली तेव्हा आम्ही त्याला पुरून पाच दिवस झाले होते.